आक्काचे आठ रुपये

लोहाऱ्याच्या शाळेत मी सत्तावीस वर्षं गणित शिकवलं. शेकडेवारीचा धडा सुरू करताना मी फळ्यावर फक्त ‘सात टक्के’ एवढंच लिहीत असे आणि वर्गाकडे वळून विचारत असे, “कशाचे?” मुलं एकमेकांकडे बघत. कुणी म्हणे, “बाई, साताचे.” कुणी अंदाजानं म्हणे, “शंभराचे.” मग मी सांगत असे की टक्के कधी एकटे नसतात, ते कशाचे तरी असतात, आणि ते ‘कशाचे’ नक्की होईपर्यंत पेन हातात घ्यायचं नाही. निवृत्तीनंतर हाच प्रश्न मला पुन्हा एकदा, आणि तोही नळदुर्गला माझ्या थोरल्या बहिणीच्या पडवीत विचारावा लागेल, असं मात्र कधी वाटलं नव्हतं.

आक्का आणि दाजींचा सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर धाबा होता. रस्ता रुंद झाला, धाब्याची जागा त्यात गेली आणि मोबदला मिळाला. जागा दोघांच्या नावानं होती, म्हणून मोबदलाही निम्मा-निम्मा झाला. दाजींनी आपल्या वाट्यातून घराचा स्लॅब घातला आणि उरलेले बँकेत ठेवले. आक्काच्या वाट्याचे सहा लाख तिच्या एकटीच्या खात्यात आले. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या नावावर एवढी रक्कम होती. तिनं मला विचारलं, आणि मी तिला सरकारी बाँड सुचवला: मुदत सात वर्षं, व्याज दरसाल सात टक्के, दर सहा महिन्यांनी अर्धं व्याज खात्यात, आणि मुदत संपली की पूर्ण सहा लाख परत. तिनं एकच शंका काढली होती, “बुडायचं तर न्हाय ना?” मी म्हटलं, “सरकारला द्यायचे आणि सरकारकडूनच परत घ्यायचे आहेत.” “मग बास,” असं म्हणून तिनं सही केली होती.

तेव्हापासून दर सहामाहीचे एकवीस हजार आक्काच्या घरात किराणा आणि दाजींच्या गोळ्या यांना पुरत होते. मुद्दल मात्र तिनं नातीसाठी राखलं होतं. नात ज्या उन्हाळ्यात बारावी होणार, त्याच उन्हाळ्यात बाँडची मुदत संपणार होती. “पुढं काय शिकायचं ती शिकू दे. ह्या पैशात कुणी हात घालायचा न्हाय,” हे तिनं सगळ्यांसमोर सांगितलं होतं.

दोन वर्षं निर्वेध गेली. नात आठवीत गेली. आणि एका सकाळी आक्काचा फोन आला.

“तू ये इकडं. माझी कुणीतरी उचलली गं.”

“काय उचललं?”

“भिशी.”

आक्काच्या गल्लीत बायकांची भिशी चालते, ती लिलावाची. वीस जणी दरमहा हजार हजार रुपये टाकतात, म्हणजे वीस हजार जमतात. ज्या बाईला तातडीची गरज असेल ती बोली लावते. “तीन हजार सोडते,” असं म्हणून ती सतरा हजार उचलते, आणि तिनं सोडलेले तीन हजार बाकीच्या जणींत वाटले जातात. जी शेवटपर्यंत थांबते तिला काहीच सोडावं लागत नाही. पूर्ण रक्कम तिची. आक्का नेहमी शेवटची असते. म्हणून मला वाटलं, भिशीतच काही गोंधळ झाला असेल.

“ती न्हाय गं,” आक्का आवाज खाली आणून म्हणाली. “ती सरकारची. तू लावून दिलेली. शंभराच्या जागी ब्याण्णव राहिल्यात. म्या तर बोली लावली न्हाय. मग माझ्या नावानं कोण बोललं?”

आणि मग, आणखी खालच्या आवाजात, “मोबाइल पोराच्या हातात असतोय.”

मला सगळं एकदम कळलं. भिशीच्या हिशेबात पूर्ण रकमेपेक्षा कमी आकडा एकाच वेळी दिसतो: कुणीतरी बोली लावून रक्कम उचललेली असते तेव्हा. दुसरं कारणच नाही. आक्कानं बाँडलाही तोच नियम लावला होता, आणि त्या नियमानं तिचा स्वतःचा मुलगा दोषी ठरत होता.

लोहाऱ्याहून नळदुर्गला जाताना बसमध्ये मी खिडकीशी बसले होते, पण बाहेर काय गेलं ते आठवत नाही. बाँडचा बाजारभाव खाली-वर होतो हे मला ठाऊक होतं. त्याची धास्ती नव्हती. धास्ती दुसरीच होती. खातं आक्काच्या नावाचं असलं तरी बाँडचं ॲप भाच्याच्या मोबाइलवर होतं. त्यानं खरंच विकलं असेल तर? मी त्याला फोन करून विचारू शकले असते. विचारलं नाही, कारण असं विचारणं म्हणजेच संशय घेणं, आणि ते एकदा तोंडातून निघालं की परत घेता येत नाही.

घरी पोचले तेव्हा दाजी पडवीत बसले होते. सून आणि नात सुनेच्या माहेरी उमरग्याला गेल्या होत्या.

“या बाई, या,” दाजी म्हणाले. “लई बरं झालं आलात. दोन दिस झालं, घरात माणसं तीन, अन् बोलतंय फक्त कुकर.”

आक्कानं चहा आणला. मला हातात दिला, दाजींना हातात दिला, आणि भाच्याचा कप त्याच्यासमोर जमिनीवर ठेवून आत गेली. भाचा हायवेवरच्या स्पेअर पार्टच्या दुकानात कामाला आहे. त्या दिवशी तो गेला नव्हता. त्यानं कपाकडे पाहिलंसुद्धा नाही.

“मावशी, तू तरी सांग हिला,” तो म्हणाला. “म्या काय केलं? ॲप उघडलं, आईला दाखवलं. म्हन्लं, आई, अठ्ठेचाळीस हजार कमी दिसत्यात, अजून कमी व्हायच्या आधी इकून टाकू. पतसंस्थेचा एक माणूस दुकानात येतोय, साडेआठ टक्के देतो म्हणतोय. एवढंच बोललो. तवापासनं माझ्याशी बोलतच न्हाय.”

आतून आवाज आला, “आधी उचलायचं अन् मग इचारायचं, इकू का म्हणून!”

“कुठं उचललं गं आई!”

“मग आठ रुपय गेलं कुठं?”

मी भाच्याकडे मोबाइल मागितला आणि आक्काला बाहेर बोलावलं. ॲप उघडलं. बाजारात बाँडचा भाव नेहमी शंभर रुपयांमागे सांगतात. आक्काच्या बाँडचा त्या दिवशीचा भाव ब्याण्णव होता. त्याखाली रकमा होत्या. मी चष्मा नीट केला आणि पहिली ओळ वाचली. दर्शनी मूल्य: सहा लाख. म्हणजे बाँडवर जी रक्कम छापली आहे, जिच्यावर व्याज मोजलं जातं आणि जी शेवटी परत मिळते, ती. ती होती तशीच होती. एक रुपयाही विकला गेला नव्हता.

मी मोबाइल आक्कासमोर धरला.

“आक्का, हे बघ,” मी तिचं बोट धरून पहिल्या ओळीवर ठेवलं. “हे तुझं आहे. सहा लाख. कुणीही उचललेलं नाही.”

“अन् हे तांबडं?” तिनं बोट खाली सरकवलं. तिथं पाच लाख बावन्न हजार होते.

“ते आज विकलं तर मिळतील तेवढे.”

“म्या कुठं इकतेय?”

“मग तो आकडा तुझा नाही. गल्लीतली एखादी बाई म्हणाली की आज भिशी उचलायची झाली तर मी तीन हजार सोडीन, तर त्यानं तुझी शेवटची रक्कम कमी होते का?”

 आक्का गंभीरपणे म्हणाली, “बरं. पण मग माझं आठ रुपय वाटलं कुणात?”

दाजींना हसू आवरेना. “आगं, वाटायला गेलेच कुठं! तुझ्याच पदराला हायेत.”

आक्का हसली नाही. तिनं भाच्यासमोरचा गार झालेला कप उचलला, आत नेला, परत गरम केला आणि आणून त्याच्या हातात दिला. “घे. साय आलीय, बाजूला कर,” एवढंच म्हणाली. भाच्यानं साय बोटानं काढली आणि चहा एका दमात प्यायला. त्या घरात माफी एवढीच असते, आणि ती पुरते.

पण निम्मंच काम झालं होतं. आता भाचा मोकळेपणानं बोलू लागला, आणि त्याचं म्हणणं टाकून देण्यासारखं नव्हतं.

“मावशी, न्हाय उचललं ते ठीक. पण उचलायला काय हरकत हाय? इथं सात मिळत्यात, तिथं साडेआठ. म्या वर्षाचा हिशेब केलाय, नऊ हजार जास्तीचं येत्यात. अन् तो माणूस उद्या येणार हाय.”

आक्का माझ्याकडे बघत होती. शेवटी तिच्या नातीचे पैसे होते.

मी खडू मागितला. धाब्याचा जुना फळा पडवीतच भिंतीला टेकवून ठेवला होता. त्याच्या डोक्यावर पिवळ्या ऑइल पेंटनं ‘आजचा मेनू’ असं लिहिलेलं होतं आणि खाली कधीकाळी पुसलेल्या शेवभाजीचा पुसट डाग होता. दाजींनी आतून खडूचा तुकडा शोधून आणला आणि माझ्यासमोर आक्का-भाच्याच्या ओळीत बसले, पाय पोटाशी घेऊन, एखाद्या शहाण्या मुलासारखे.

“आधी माझा प्रश्न,” दाजी म्हणाले. “धाब्यावर थाळीचा दर मी लिहायचो. हा ब्याण्णवचा दर कोण लिहितंय?”

“दाजी, तुमच्या शेजारी दुसरा धाबा निघाला होता, आठवतं? तेवढ्याच पैशात दोन रोट्या जास्त द्यायचा.”

“आठवतंय की. मेल्यानं गिऱ्हाईक पळवलं.”

“मग तुम्ही काय केलं?”

“काय करणार? थाळीचा दर उतरवला.”

“का? तुमची थाळी बिघडली होती?”

“आजाबात न्हाय!” दाजी दुखावले. “थाळी तीच. पर शेजारी जास्त मिळाय लागल्यावर आपल्याला कमी घ्यावं लागतं.”

“बाँडचं तेच झालं आहे. आक्कानं घेतला तेव्हा सात टक्के रास्त होते. आता बाजारात व्याज वाढलं आहे. नवे बाँड नऊच्या आसपास देतात. मग सातवाला शंभराला कोण घेईल? म्हणून घेणारा आणि विकणारा मिळून त्याचा भाव खाली आणतात, इतका खाली की कमी भावात घेणाऱ्यालाही शेवटी नऊच सुटावेत. भाव उतरतो तेव्हा परतावा चढतो. दोन्ही एकाच वेळी होतं.”

“परतावा म्हंजे व्याजच ना?” भाच्यानं विचारलं.

इथंच बहुतेकांची गल्लत होते, म्हणून मी सावकाश लिहिलं. व्याज म्हणजे बाँडवर छापलेला दर: शंभरावर वर्षाला सात रुपये. तो कधी बदलत नाही. परतावा म्हणजे मी आज जेवढे मोजले त्यावर मला वर्षाला काय सुटतं ते. आज ब्याण्णवला घेणाऱ्यालाही सातच रुपये मिळणार, पण त्यानं शंभर नव्हे, ब्याण्णव घातले. सात भागिले ब्याण्णव: साडेसात टक्क्यांच्या थोडं वर.

“एवढंच करून बरेच जण पुस्तक मिटतात,” मी म्हटलं. “काय राहिलं?”

 उत्तर आक्कानं दिलं. “शेवटी त्याला शंभर मिळत्यात की. आठ वरचं.”

“बरोबर. ते आठ पाच वर्षांनी मिळणार. म्हणजे वर्षाला सरासरी एक रुपया साठ पैसे. सातात मिळवा: आठ साठ. आता भागायचं कशानं? सुरुवातीला ब्याण्णव, शेवटी शंभर, मधला घ्या शहाण्णव. आठ साठ भागिले शहाण्णव.”

भाच्यानं मोबाइलवर भागाकार केला. “नऊला थोडं कमी.”

हा झाला अंदाज. अंदाज आला की पडताळा घ्यायचा, ही माझी जुनी सवय. नऊ टक्के धरून मी उलट हिशेब मांडला. नऊ टक्क्यांनी आजचा एक रुपया वर्षानं एक रुपया नऊ पैसे होतो; मग वर्षानं मिळणारे सात रुपये आज किती किमतीचे? सात भागिले एक पूर्णांक नऊ शतांश: सहा रुपये बेचाळीस पैसे. दुसऱ्या वर्षाचे सात, त्याच संख्येनं दोनदा भागून: पाच एकोणनव्वद. तिसऱ्याचे पाच एक्केचाळीस. चौथ्याचे चार शहाण्णव. आणि पाचव्या वर्षी सात आणि शंभर असे एकशे सात एकदम, त्यांचे आजचे एकोणसत्तर चोपन्न. भाचा आकडे सांगत होता, मी लिहीत होते, आणि दाजी ओठातल्या ओठात बेरीज करत होते. त्यांची आई अक्कलकोटकडची. बेरीज ते आजही कानडीतच करतात. माझी रेघ ओढून होण्याआधीच ते म्हणाले, “ब्याण्णव बावीस!”

“भाव आहे ब्याण्णव, बेरीज आली ब्याण्णव बावीस. घेणारा त्याहून कमी मोजतो, म्हणजे खरा परतावा नऊपेक्षा जरासा जास्त. व्याज सहामाही मिळतं म्हणून किंचित फरक पडेल, पण आपल्या कामाला नऊ पुरे.” मी नऊभोवती गोल केला. मग भाच्याकडे वळले. “आता तुझे साडेआठ टक्के. कशाचे?”

“सहा लाखाचे,” तो लगेच म्हणाला.

  मी वर्गातल्यासारखी नुसती खडू धरून उभी राहिले.

“न्हाय,” तो स्वतःच थांबला. “इकल्यावर हातात येणार पाच लाख बावन्न हजार. त्याचे साडेआठ.” त्यानं गुणाकार केला. “सेहेचाळीस हजार नऊशे वीस. इथलं बेचाळीस. वर्षाला चार हजार नऊशे वीस जास्त. म्या नऊ हजार धरलं हुतं, पर पाच हजार तरी जास्तच की, मावशी.”

“आणि पाच वर्षांत?”

“चोवीस हजार सहाशे.”

“आणि विकताना सोडले किती?”

उत्तर आक्कानं दिलं. “अठ्ठेचाळीस हजार.” आणि मग मुलाकडे बघून, “आरं, चोवीस मिळवायला अठ्ठेचाळीस सोडायला लागलास व्हय? आपल्या गल्लीतली एक तरी बाई अशी बोली लावंल का?”

“आई, आता टोमणं नको,” भाचा म्हणाला, पण हसत. “मला वाटलं दीड टक्का जास्त म्हंजे जास्तच.”

“ह्या गोल केलेल्या नऊचं काम तेच,” मी म्हटलं. “ब्याण्णवला विकून जे पैसे येतील त्यांना तितक्याच खात्रीनं नऊच्या वर कुणी देत असेल, तर बदलायचा विचार करायचा. साडेआठवाला कितीही चांगला असला तरी नको.”

आक्काची एक शंका राहिली होती, आणि ती योग्य होती. “अन् मधीच लागलं तर?”

“तर मात्र त्या दिवशी जो भाव असेल तोच मिळेल. तेव्हा तो तांबडा आकडा खरा. म्हणूनच मुदत आणि गरज एका उन्हाळ्यात बसवली होती. आणि हेही लक्षात ठेव, हे सगळं सरकारी बाँडचं आहे. एखाद्या कंपनीचा असता तर पहिला प्रश्न परताव्याचा नसता. शेवटी शंभर देईल का, हा असता.”

भाच्यानं तिथंच फोन लावला. “साहेब, उद्या येऊ नका. न्हाय न्हाय, राग कसला. आमचं ठरलंय.” मग त्यानं मोबाइल आईपुढे धरला आणि म्हणाला, “ह्याचा पासवर्ड तूच ठेव.”

“मला काय करायचंय?” आक्का म्हणाली. “डोळ्यानं दिसत न्हाय ते बारकं. तूच ठेव. फक्त तांबडं दिसलं की वरची ओळ आधी दाखवत जा.”

दुपारी ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खाऊन मी निघाले. परतीच्या बसमध्ये मला इतकी गाढ झोप लागली की लोहारा आल्यावर कंडक्टरनं उठवलं. “बाई, तिकीट इथपर्यंतच काढलंय तुमी,” तो म्हणाला. सकाळी हीच वाट मी कशी कापली होती ते आठवून मला हसू आलं.

सहा महिन्यांनी आक्काचा फोन आला. व्याजाचे एकवीस हजार जमा झाले होते, दाजींच्या गोळ्या आणून झाल्या होत्या. दाजींनी फळा अजून पुसू दिला नव्हता म्हणे. घरी कुणी आलं की ते ‘आजचा मेनू’च्या खाली गोल केलेल्या नऊवर बोट ठेवून विचारत, “काय वाढू?”

“अन् ऐक,” आक्का पुढे म्हणाली, “पोरगं सांगत हुतं, आता पंच्याण्णव झालंय.”

“मग? बरं वाटलं?”

“मला काय त्याचं? ब्याण्णव होऊ दे न्हायतर पंच्याण्णव. ज्याला घाई हाय त्यानं उचलावी. माझी शेवटची हाय.”

एवढं बोलून तिनं फोन ठेवला. नात शाळेतून येण्याची वेळ झाली होती.